स्ट्रेस थॅलियम: दोन रीडिंग आणि त्यांतला फरक

हृदयाची 'स्ट्रेस थॅलियम' चाचणी जिथे केली, त्या केंद्राला पाचपैकी चार तारे देतेय. कापलेला तारा चाचणीचा नाही, कॅमेऱ्याचा नाही आणि तिथल्या टेक्निशियनचा तर मुळीच नाही. तारीख देताना सूचना अर्धवट दिल्या, त्याबद्दल तो कापलाय. काय झालं ते सविस्तर लिहिते, कारण ही चाचणी करायला निघालेल्या कुणालाही ते उपयोगी पडेल.

माझं वय ५९. पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून ३१ वर्षं काम केलं. काही महिन्यांपासून दोन जिने चढले की छातीत मधोमध दाब यायचा आणि थांबलं की दोन-तीन मिनिटांत जायचा. साधा ईसीजी चांगला आला. ट्रेडमिलवरचा ईसीजी 'बॉर्डरलाइन' आला. हृदयाचे डॉक्टर म्हणाले, बायकांच्या ट्रेडमिल ईसीजीत असे खोटे बदल बऱ्याचदा दिसतात, त्यावरून हो किंवा नाही असं काहीच ठरवता येणार नाही. चिठ्ठीवर त्यांनी लिहिलं, 'स्ट्रेस थॅलियम'. म्हणजे शिरेतून थोडं किरणोत्सारी द्रव्य सोडायचं आणि हृदयाच्या स्नायूला विश्रांतीत आणि श्रमात किती रक्त पोहोचतं, त्याची कॅमेऱ्याने चित्रं घ्यायची.

आधी नावाबद्दल. माझ्या चाचणीत थॅलियम नव्हतंच. १९७० च्या दशकात ही तपासणी थॅलियम-२०१ वापरून रुळली आणि ते नाव लोकांच्या तोंडी राहिलं. आता बहुतेक ठिकाणी टेक्नेशियम-९९एम वापरतात, तेही सेस्टामिबी किंवा टेट्रोफॉस्मिन नावाच्या रेणूला जोडून. थॅलियम-२०१ चा अर्धायुकाल (किरणोत्सार निम्म्यावर यायला लागणारा वेळ) ७३ तासांच्या आसपास, टेक्नेशियमचा फक्त ६ तास. म्हणजे शरीराला रेडिएशनचा भार कमी, आणि त्याच्या गॅमा किरणांची ऊर्जा कॅमेऱ्याला जास्त सोयीची असल्यामुळे चित्रही अधिक स्वच्छ. टेक्नेशियम १९३७ मध्ये पेरिये आणि सेग्रे या शास्त्रज्ञांनी ओळखलं. माणसाने कृत्रिमरीत्या मिळवलेलं ते पहिलं मूलद्रव्य. आवर्तसारणीच्या तक्त्यावरची त्याची ४३ क्रमांकाची चौकट मी वर्षानुवर्षं पुसून स्वच्छ ठेवली होती. तेच एक दिवस माझ्या शिरेत जाणार आहे हे कळल्यावर मला भीतीपेक्षा कुतूहलच जास्त वाटलं.

आता तो कापलेला तारा. फोनवर मला एवढंच सांगितलं: चार तास उपाशी या, सैल कपडे घाला, चालायचे बूट आणा. मी पहाटे कपभर चहा घेतला, बीपीची रोजची गोळी घेतली आणि वेळेवर पोहोचले. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "काकू, काल सकाळपासून चहा-कॉफी काही घेतलीत का? आणि गोळ्या कुठल्या चालू आहेत?" माझी गोळी बीटा ब्लॉकर निघाली. चहाही झाला होता. चाचणी पुढे ढकलली, दुसरी तारीख आठ दिवसांनंतरची मिळाली. माझ्याबरोबर आलेल्या धाकट्या बहिणीने कामावरून रजा घेतली होती, ती वाया गेली. छातीत दाब येतोय आणि कारण माहीत नाही, अशा अवस्थेत आठ दिवस काढणं किती जड जातं, ते तारीख देणाऱ्याने एकदा डोळ्यांपुढे आणून पाहावं.

नियम रास्त आहेत, हे मला नंतर समजलं. माणूस ट्रेडमिलवर पुरेसा चालू शकला नाही, तर ऐन वेळी ॲडेनोसिन किंवा रेगाडेनोसॉन अशा औषधाने हृदयाच्या रक्तवाहिन्या रुंद करून चाचणी पूर्ण करतात. कॅफीन नेमकं त्या औषधाचा परिणाम अडवतं आणि मग चित्र आहे त्यापेक्षा चांगलं येण्याची भीती असते. म्हणून बरीच केंद्रं २४ तास आधीपासून चहा, कॉफी, कोला, चॉकलेट बंद करायला सांगतात. कॅफीनविरहित म्हणून विकल्या जाणाऱ्या कॉफीतही थोडं कॅफीन असतं आणि काही डोकेदुखीच्या गोळ्यांमध्येही असतं. बीटा ब्लॉकर नाडी वर जाऊ देत नाही, म्हणून तो बऱ्याचदा दोन दिवस थांबवतात. पण कुठली गोळी थांबवायची, किती दिवस आणि ती कधी परत सुरू करायची, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. स्वतःच्या मनाने एकही गोळी सोडू नका. हे सगळं फार तर अर्ध्या पानात मावतं. ते अर्धं पान मला मिळालं असतं, तर आज पाचही तारे दिले असते.

दुसऱ्या तारखेला मात्र सगळं इतकं नीट झालं की तो दिवस मला तासातासाने आठवतो.

प्रयोगशाळेत आम्ही मुलांना पहिल्या दिवशी एक गोष्ट शिकवायचो. एकट्या रीडिंगवर विश्वास ठेवायचा नाही. भार न लावता एक रीडिंग घ्यायचं, भार लावून दुसरं घ्यायचं, उपकरण तेच, जागा तीच, आणि मग फरक बघायचा. उपकरणात कायमचा दोष असला तर तो दोन्ही रीडिंगमध्ये सारखाच येतो आणि वजाबाकीत निघून जातो. ही चाचणी नेमकी त्याच तत्त्वावर उभी आहे. टेक्निशियनने पहिल्या पाच मिनिटांत मला ते समजावून सांगितलं तेव्हा मला अगदी ओळखीच्या खोलीत आल्यासारखं वाटलं.

पहिलं रीडिंग विश्रांतीचं. हाताच्या शिरेत सुई लावून ठेवली. इंजेक्शनची सिरिंज जाड धातूच्या आवरणात होती, हातात घेतल्यावर वजन जाणवावं अशी. आत साधारण १० मिलिक्युरी (किरणोत्सार मोजायचं एकक). टोचताना किंवा नंतर काहीही जाणवलं नाही, ना ऊब, ना चक्कर. सीटी स्कॅनच्या आयोडीनच्या 'डाय'शी याचा काही संबंध नाही. त्या डायची ॲलर्जी असलेले लोक इथे विनाकारण घाबरतात. मग पाऊण तास बसवलं, थोडं स्निग्ध खायला आणि भरपूर पाणी प्यायला सांगितलं. हे द्रव्य यकृत आणि पित्ताच्या वाटेने बाहेर जातं. हृदयाच्या अगदी शेजारी यकृत उजळलेलं राहिलं तर हृदयाची खालची भिंत नीट वाचता येत नाही, म्हणून ही वाट बघायची.

कॅमेऱ्याची दोन डोकी काटकोनात बसवलेली होती आणि ती माझ्या छातीभोवती टप्प्याटप्प्याने सरकत गेली. हात डोक्यावर घेऊन पंधरा-एक मिनिटं निश्चल पडायचं. खांदे भरून येतात, हे आधीच सांगून ठेवते. कुणाचा खांदा आखडलेला असेल तर आधी बोला, उशी आणि आधार देतात. हललात तर चित्र फाटतं आणि पुन्हा काढावं लागतं.

आता ट्रेडमिल. हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा थांबून लिहिते.

विश्रांतीत हृदयाला रक्त पुरतंय हे दिसलं तर मग चालायचं कशासाठी, असं माझ्या बहिणीने विचारलं होतं. कारण असं आहे. मोठी धमनी अरुंद झाली की तिच्या पुढच्या बारीक वाहिन्या स्वतः रुंद होतात आणि कमी पडणारं रक्त भरून काढतात. त्यामुळे बसल्या जागी पुरवठा पुरेसाच दिसतो. हृदयरोगतज्ज्ञ गूल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये कुत्र्यांवरच्या प्रयोगात दाखवलं की विश्रांतीतला प्रवाह धमनी जवळजवळ ८५ टक्के अरुंद होईपर्यंत टिकून राहतो. पण जास्तीत जास्त प्रवाह वाढवण्याची ताकद मात्र ५० टक्क्यांच्या आसपासच घटायला लागते. म्हणजे दोष असतो, फक्त तो मागणी वाढेपर्यंत लपून राहतो. श्रम करताना निरोगी धमनी प्रवाह कित्येक पटींनी वाढवते, अरुंद धमनीला ते जमत नाही, आणि दोघींतलं अंतर चित्रात उतरतं. छातीत कळ यायच्या आधी, ईसीजी बदलायच्याही आधी, रक्तपुरवठ्यातला हा फरक सुरू झालेला असतो.

ब्रूस प्रोटोकॉल वापरतात. दर ३ मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढतात. सुरुवात ताशी २.७ किलोमीटर आणि १० टक्के चढ, मग ४ किलोमीटर आणि १२ टक्के, मग ५.५ किलोमीटर आणि १४ टक्के. २२० मधून वय वजा केलं की माझे १६१ येतात, त्याचे ८५ टक्के म्हणजे १३७. नाडी तिथवर न्यायची. डॉक्टर शेजारी उभे, दंडाला बीपीचा पट्टा, छातीवर ईसीजीच्या तारा. पहिला टप्पा सहज गेला. दुसऱ्यात धाप लागली. तिसऱ्यात, सातव्या मिनिटाला, तोच ओळखीचा दाब आला.

"काकू, दहापैकी किती?"

"चार."

"नाडी १३४ आहे. थोडंसं राहिलंय. पण नको वाटलं तर लगेच सांगा, मी थांबवतो."

मी थांबले नाही. रीडिंग अर्धवट घेतलं तर ते फुकट जातं हे मला माहीत होतं, आणि डॉक्टरांची नजर सतत पडद्यावर होती. १३९ ला दुसरं इंजेक्शन गेलं. या वेळी पहिल्याच्या तिपटीने, म्हणजे साधारण ३० मिलिक्युरी. पहिल्या डोसाचा उरलेला उजेड याने झाकून टाकायचा असतो. त्यानंतर आणखी एक मिनिट चालायचं. अगदी ऐन वेळचं हे एक मिनिट फार मोलाचं आहे, कारण हृदय जोरात काम करत असतानाच ते द्रव्य रक्तातून पेशींत शिरायला हवं. तुमच्यावर ही वेळ आली, तर 'इंजेक्शन दिलं' हे शब्द ऐकून लगेच दांडी धरून उभ्या राहू नका. मात्र डॉक्टर थांबा म्हणाले तर त्याच क्षणी थांबा.

इथली सगळ्यांत सुंदर गोष्ट मला नंतर कळली. सेस्टामिबी पेशीत गेलं की तिथल्या मायटोकाँड्रियांत, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागांत, अडकून बसतं, फारसं हलत नाही. त्यामुळे चित्र अर्ध्या तासाने काढलं, मी शांत झाले, दाब गेला, नाडी खाली आली, तरी चित्रात दिसतो तो इंजेक्शनचा क्षण. तो चढ, तो दाब, ते १३९. थॅलियमला हे जमत नव्हतं. ते हळूहळू पेशीतून बाहेर पडून सगळीकडे सारखं पसरायला लागायचं, म्हणून ट्रेडमिलवरून उतरल्या उतरल्या धावपळ करून चित्र घ्यावं लागे. आता उलट थोडं थांबवतात. दमल्यावर श्वास खोल असतो, तो शांत होत जातो तसं हृदय छातीत किंचित वर सरकतं, आणि सरकत्या वस्तूचा फोटो चांगला येत नाही.

ज्यांना चालताच येत नाही, गुडघे किंवा श्वास साथ देत नाही, त्यांच्यासाठी औषधाची वाट आहेच. दम्याच्या रुग्णांनी ते आधी सांगायलाच हवं. ईसीजीत डाव्या बाजूचा बंडल ब्रांच ब्लॉक (हृदयातल्या विद्युत संदेशाच्या वाटेतला अडथळा) असेल तर चालवण्यापेक्षा औषधच बरं, कारण चालल्यावर हृदयाच्या मधल्या पडद्यावर खोटी सावली पडू शकते. पण ज्याला चालता येतं त्याने चालावं असं माझं ठाम मत आहे. किती मिनिटं चाललात, बीपी कसं वागलं, दाब कधी आला, ही माहिती कुठलंही औषध देत नाही.

चार दिवसांनी डॉक्टरांनी चित्रं पडद्यावर लावली. वरच्या ओळीत श्रमाची, खालच्या ओळीत विश्रांतीची, हृदयाचे काप एकाखाली एक. शेजारी गोल नकाशा होता, त्यात डाव्या कप्प्याची भिंत १७ भागांत मांडलेली.

पुढची भिंत फिकट होती. माझ्या पोटात गोळा आला. "खालच्या ओळीत बघा," डॉक्टर म्हणाले. तिथेही तितकीच फिकट. श्रमातही तेवढीच, विश्रांतीतही तेवढीच. मग त्यांनी हलतं चित्र लावलं. कॅमेरा ईसीजीशी जोडलेला असतो, प्रत्येक ठोक्याचे ८ तुकडे पाडून शेकडो ठोके एकावर एक रचले जातात आणि हृदय धडधडताना दिसतं. ती फिकट भिंत प्रत्येक ठोक्याला चांगली जाड होत होती. झटक्याचा व्रण असता तर ती अशी हलली नसती. स्तनाच्या ऊतींनी काही किरण वाटेतच अडवले, त्याची ती सावली. बायकांमध्ये ही नेहमी दिसते. पुरुषांमध्ये बहुधा खालच्या भिंतीवर पडते, श्वासपटलामुळे. उपकरणाचा दोष वजाबाकीत निघून गेला, अगदी प्रयोगशाळेत जायचा तसाच.

खालच्या आणि कडेच्या भिंतींमधला एक छोटा भाग मात्र वरच्या ओळीत फिकट आणि खालच्या ओळीत भरलेला होता. हा फरक खरा. माझ्या जिन्यावरच्या दाबाचं उत्तर तिथे होतं. प्रत्येक ठोक्याला डावा कप्पा ६१ टक्के रक्त बाहेर टाकत होता. ५० च्या वर साधारण ठीक मानतात.

भाग छोटा, हृदयाची ताकद शाबूत, आणि मी बऱ्यापैकी चालले. डॉक्टरांनी गोळ्यांवर सुरुवात केली. लगेच अँजिओग्राफी का नाही, असं मी विचारलं. त्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इस्कीमिया' या अभ्यासाबद्दल सांगितलं. त्यात ५,००० हून अधिक स्थिर रुग्ण होते, आणि त्यांत सुरुवातीलाच अँजिओग्राफी करून स्टेंट किंवा बायपासकडे गेल्याने मृत्यू आणि हार्ट अटॅक कमी झाले नाहीत. छातीतला त्रास मात्र कमी झाला. गोळ्यांनी माझा दाब आवरला नाही तर तो रस्ता उघडा आहे. हे सगळं त्यांनी वीस मिनिटं बसून सांगितलं, आणि माझ्या चार ताऱ्यांतला एक निव्वळ त्या वीस मिनिटांचा आहे.

छापील रिपोर्टबद्दल तसं म्हणता येत नाही. दीड पान, आणि 'रिव्हर्सिबल डिफेक्ट' (श्रमात दिसणारा, विश्रांतीत भरून निघणारा दोष) हे दोन शब्द ठळक अक्षरांत. डॉक्टर भेटेपर्यंत तो कागद माझ्या हातात एकटाच होता आणि त्या रात्री मी झोपले नाही. फरक छोटा की मोठा, एवढं एक वाक्य साध्या भाषेत वर लिहायला हवं.

रेडिएशनबद्दल मी आकडा मागितला आणि तो न टाळता दिला गेला. दोन्ही डोस मिळून १० मिलिसिव्हर्टच्या (शरीरावरचा रेडिएशनचा भार मोजायचं एकक) आसपास. निसर्गातून जगभर माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात, म्हणजे चारेक वर्षांचं एका दिवसात. हे क्षुल्लक नाही, आणि घाबरण्याजोगंही नाही. खरं कारण असेल तरच करावं. काही केंद्रं आधी श्रमाचं चित्र काढतात आणि ते स्वच्छ आलं तर विश्रांतीचा डोस देतच नाहीत, त्यात भार बराच वाचतो. तुमच्या बाबतीत हे चालेल का, असं जरूर विचारा. माझ्या बाबतीत फिकट भिंतीमुळे दुसरं रीडिंग लागलंच असतं. गरोदर असाल, तशी शक्यता असेल किंवा बाळाला पाजत असाल तर सुई टोचण्याआधी सांगा. मला दिवसभर पाणी पिऊन वारंवार लघवीला जायला आणि त्या दिवशी लहान मुलांना मांडीवर न घ्यायला सांगितलं. नुसत्या अर्धायुकालाचा हिशेब केला तरी २४ तासांत सोळावा हिस्साच उरतो.

चाचणी काय दाखवत नाही, तेही लिहिते, कारण मला ते कुणी आपणहून सांगितलं नाही, विचारून काढावं लागलं. यात धमन्या दिसत नाहीत, त्यांच्या पुरवठ्याचा परिणाम दिसतो. प्रवाह न अडवणारा चरबीचा थर यातून सुटतो. आणि तिन्ही मोठ्या धमन्या सारख्याच अरुंद असतील तर सगळीकडे सारखीच फिकट छटा येते, तुलना करायला निरोगी भागच उरत नाही आणि आजार नजरेआड राहू शकतो. फरकावर उभ्या असलेल्या मोजमापाची ही मर्यादाच आहे. म्हणूनच अनुभवी डॉक्टर फक्त चित्र बघत नाहीत. श्रमात बीपी पडलं का, कप्पा फुगलेला दिसतो का, माणूस किती लवकर थांबला, हे सगळं एकत्र वाचतात. तरीही चित्र स्वच्छ आलं तर पुढच्या वर्षभरात हार्ट अटॅक किंवा मृत्यूचा धोका बहुतेकांसाठी एक टक्क्याच्याही खाली असतो.

निघताना मी काउंटरवर चित्रांची सीडी मागितली. नुसता रिपोर्ट नको, मूळ चित्रं हवीत असं सांगितलं. दहा मिनिटांत दिली. तिच्यावर तारीख, चाललेली मिनिटं आणि नाडी १३९ असं माझ्या हाताने लिहून ठेवलंय. पुन्हा कधी चाचणी करावी लागली तर तेही चित्र याच जोडीशेजारी लावून बघायचं आहे.